पीएचपी आणि मायएसक्यूएल यांच्यामध्ये तारखेचे दिवस व महिना उलटतात : चुकलेल्या नोंदी शोधायच्या कशा आणि दुरुस्त करायच्या कशा?

खतावणी

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेच्या संगणकप्रणालीची देखभाल मी करतो. प्रणाली पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेली असून माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवली जाते. एक गंभीर चूक माझ्या हातून घडली आहे आणि ती निस्तरण्यासाठी मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. वाचण्याच्या सोयीसाठी फंक्शनांची, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या तयार आज्ञांची, नावे व तारखांतील अंक मी येथे देवनागरीत लिहीत आहे. प्रत्यक्ष कोडमध्ये ते रोमन लिपीतच असतात.

जुन्या प्रणालीत सभासदांची जन्मतारीख व्हारचार कॉलममध्ये, म्हणजे साधा मजकूर म्हणून ठेवलेली होती. कारकुनांनी ती आपल्याकडच्या पद्धतीने, आधी दिवस, मग महिना आणि शेवटी वर्ष अशी टंकली होती. नव्या सर्व्हरवर जाताना ही माहिती डेट प्रकारच्या कॉलममध्ये न्यावी, असे मी ठरवले. त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. जुना मजकूर स्ट्रटोटाइम या मजकुरातून तारीख ओळखणाऱ्या फंक्शनला द्यायचा, त्याचे उत्तर डेट या फंक्शनमधून वर्ष-महिना-दिवस अशा रूपात काढायचे आणि नव्या कॉलममध्ये भरायचे, एवढेच तिचे काम होते. स्क्रिप्ट एकही त्रुटी न दाखवता पूर्ण झाली.

दुसऱ्या दिवशी अनेक सभासदांची जन्मतारीख १ जानेवारी १९७० दिसू लागली. दोघा कारकुनांनी मूळ अर्ज काढून पंधरा दिवस बसून त्या सर्व नोंदी हाताने दुरुस्त केल्या. त्यानंतर सगळे सुरळीत झाले, असे मी समजून चाललो.

एप्रिल २०१८ मध्ये एक वृद्ध ठेवीदार मुदत ठेव ठेवण्यासाठी आले. त्यांचा जन्म १० मार्च १९५८ चा, म्हणजे त्यांना नुकतीच साठ वर्षे पूर्ण झाली होती आणि ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव व्याजदर त्यांना मिळायला हवा होता. प्रणालीने त्यांची जन्मतारीख ३ ऑक्टोबर १९५८ दाखवली आणि साधा दर लावला. खिडकीवरच्या कारकुनाने ‘संगणकात असेच आहे’ असे सांगून पावती दिली. ते गृहस्थ काही न बोलता घरी गेले आणि दोन दिवसांनी जन्माचा दाखला घेऊन परत आले. त्यांना झालेला हा त्रास मला फार लागून राहिला आहे, कारण त्यांची तारीख आमच्या जुन्या नोंदीत अचूक होती आणि ती मी बिघडवली.

काही तारखा १९७० च्या झाल्या आणि काही नुसत्या उलटल्या, असे का झाले असावे? उलटलेल्या सर्व नोंदी शोधायच्या कशा? आणि मधल्या काळात कारकुनांनी हाताने केलेल्या दुरुस्त्या न बिघडवता त्या सरळ कशा करायच्या?

उत्तररात्र

खतावणी, तुम्ही वर्णन केलेल्या दोन्ही लक्षणांचे मूळ एकच आहे. स्ट्रटोटाइमला तारखेचा साचा आपण सांगत नाही. ते मजकुराकडे पाहून साचा ठरवते. त्याचा नियम पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट दिलेला आहे. अंकांच्या मध्ये तिरकी रेघ असेल तर तारीख अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना, अशी धरली जाते. आडवी रेघ किंवा टिंब असेल तर ती युरोपीय पद्धतीची, म्हणजे आधी दिवस, अशी धरली जाते. आपण भारतात तिरकी रेघ वापरतो आणि क्रम मात्र दिवसापासून सुरू करतो. हे फंक्शन नेमके या जोडीच्या विरुद्ध बाजूला उभे आहे.

म्हणून १०/०३/१९५८ हे त्याला दहाव्या महिन्याची तीन तारीख वाटले. आता २५/०३/१९५८ घ्या. पंचविसावा महिना नसल्यामुळे फंक्शन ‘फॉल्स’, म्हणजे ‘जमले नाही’ असे उत्तर, परत करते. तुमच्या स्क्रिप्टने ते तपासले नाही आणि तसेच पुढच्या डेट फंक्शनला दिले. तिथे ‘फॉल्स’चे शून्य झाले. संगणकाच्या युनिक्स कालगणनेत वेळ सेकंदांत मोजतात आणि तिच्यात शून्य म्हणजे १ जानेवारी १९७० ची ग्रिनिचची मध्यरात्र, आणि आपल्या वेळेनुसार त्याच दिवशीची पहाटेची साडेपाच. म्हणून त्या सगळ्या सभासदांचा जन्म एकाच दिवशी झाला.

यातली घातक गोष्ट एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. ज्यांचा दिवस १ ते १२ मध्ये आहे अशा तारखा वर्षाला १२ गुणिले १२, म्हणजे १४४ असतात. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा कोणतीही त्रुटी न देता दुसऱ्याच, पण पूर्णपणे वैध अशा तारखा होतात. बाकीच्या २२१ तारखा नापास होऊन १९७० मध्ये जमा होतात. तुमच्या कारकुनांना दिसल्या त्या या २२१ पैकीच्या. चूक डोळ्यांना दिसते तेव्हा माणूस ती दुरुस्त करतो. तुमच्या बाबतीत तर तेवढी दुरुस्ती झाल्यामुळे उरलेल्या नोंदींवरचा संशयही निघून गेला, आणि माझ्या मते खरे नुकसान त्यामुळे झाले.

पाटीपेन्सिल

मी जिल्ह्यातील एका शाळेच्या कार्यालयात काम करते आणि कोड लिहीत नाही. तरीही उलटलेल्या नोंदी शोधण्याचा एक मार्ग मला सुचतो आहे, तो येथे मांडते.

आपल्याकडच्या जुन्या पिढीतील पुष्कळ लोकांची अधिकृत जन्मतारीख १ जून असते. घरी जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मुलाला दाखल करताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून अशी तारीख लिहायचे. आमच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये १ जूनच्या नोंदी पानोपानी आढळतात. तुमचे सभासद त्याच पिढीचे आणि ग्रामीण भागातले असतील, तर त्यांच्यातही १ जूनची गर्दी असायलाच हवी. ०१/०६ उलटले की ते ६ जानेवारी होते. तेव्हा दिवस आणि महिना यांच्यानुसार सभासदांची संख्या काढून पाहावी. १ जून जवळजवळ रिकामा आणि ६ जानेवारीला गर्दी, असे चित्र दिसले तर बिघाड किती खोलवर गेला आहे ते त्यावरून समजेल.

आणखी एक अनुभव सांगते. आमच्याकडे ऑनलाइन अर्ज भरताना काही पालक मराठी कळफलक वापरून अंकही मराठीत टंकतात. त्या तारखा कार्यालयात येतात तेव्हा प्रणाली त्यांना रिकामी जागा समजते. तुमच्या जुन्या नोंदींत असे अंक असतील तर तेही पाहावे.

उत्तररात्र

पाटीपेन्सिल, १ जूनची खूण अतिशय मोलाची आहे. संगणकाच्या बाजूने विचार करणाऱ्याला ती सुचली नसती.

मराठी अंकांविषयी तुमचे म्हणणेही बरोबर आहे. पीएचपीची तारखेची फंक्शने आणि मायएसक्यूएल, दोन्ही फक्त इंग्रजी अंक जाणतात. त्यामुळे मजकूर आत येताच, बाकी काही करण्यापूर्वी, स्ट्रटीआर या फंक्शनने देवनागरीतील दहा अंकांच्या जागी इंग्रजी अंक ठेवावेत. एका ओळीचे काम आहे. ते तारखेच्या तपासणीच्या आधी व्हायला हवे, नाहीतर योग्य तारीख टंकणाऱ्यालाच ‘तारीख चुकीची आहे’ असा संदेश दिसतो.

खतावणी

मोजून पाहिले. नव्या सर्व्हरवर आणलेल्या नोंदींमध्ये सर्वांत जास्त सभासदांची जन्मतारीख ६ जानेवारी आहे आणि ती बाकी कोणत्याही दिवसाच्या कित्येक पट आहे. १ जूनला मोजकेच सभासद आहेत. पाटीपेन्सिल, तुमचे मनापासून आभार. आकडे समोर आले तेव्हा वाईट वाटले, पण काय झाले आहे ते आता निश्चित कळले.

गावठाण

माझ्या मते उपाय सोपा आहे. आणलेल्या नोंदींमध्ये ज्यांचा दिवस १३ किंवा त्याहून मोठा आहे त्या सर्व कारकुनांनी हाताने भरलेल्या असणार, कारण स्क्रिप्टमधून त्या सुखरूप बाहेर पडूच शकत नव्हत्या. ज्यांचा दिवस १२ किंवा त्याहून लहान आहे त्या सर्व उलटलेल्या असणार. तेव्हा एका अपडेट क्वेरीने, म्हणजे नोंदी बदलणाऱ्या आज्ञेने, या दुसऱ्या गटाचे दिवस व महिने परत उलटवावेत. जुन्या बॅकअपची गरजही लागणार नाही.

उत्तररात्र

गावठाण, सर्व कारकुनांनी तिरकी रेघच वापरली असती तर तुमचा तर्क पूर्ण बरोबर ठरला असता. खतावणी, क्वेरी चालवण्यापूर्वी कृपया एवढे तपासा : जुन्या मजकुरात कोठे आडवी रेघ वापरलेली आहे का? तसे असेल तर १०-०३-१९५८ ही तारीख स्ट्रटोटाइमने युरोपीय नियमाने वाचली असेल आणि ती आजही बरोबर असेल. सरसकट उलटवल्यास जी वाचली होती तीच बिघडेल.

दोन अंकी वर्षाचा प्रकार याहून वाईट आहे. आडवी रेघ आणि दोन अंकी वर्ष असे दोन्ही असेल, तर पीएचपी तो मजकूर वर्ष-महिना-दिवस असा वाचते. ०५-०४-१८ असे लिहून कारकुनाला ५ एप्रिल २०१८ म्हणायचे असते. पीएचपीला ते १८ एप्रिल २००५ वाटते. मायएसक्यूएलमध्ये हा मजकूर थेट डेट कॉलममध्ये भरला तरी उत्तर १८ एप्रिल २००५ असेच येते, आणि तारीख वैध असल्याने अवैध माहिती नाकारणारा स्ट्रिक्ट मोडही तक्रार करत नाही.

खतावणी

तुमची शंका खरी ठरली. एका शाखेतील कारकून सर्वत्र आडवी रेघ वापरत असत. त्यांच्या हातच्या जवळपास सर्व नोंदी सुरक्षित आहेत. सरसकट उलटवण्याची क्वेरी मी लिहून ठेवली होती. ती चालवली नाही, हे फार बरे झाले. स्थलांतरापूर्वीचा बॅकअप माझ्याकडे आहे आणि सभासद क्रमांक दोन्हीकडे तेच आहेत. आता पुढे कसे जावे?

उत्तररात्र

बॅकअप आहे म्हणजे तुमचा प्रश्न पूर्णपणे सुटू शकतो. माझी पद्धत अशी राहील.

प्रत्येक सभासदासाठी तीन गोष्टी शेजारी मांडा : जुन्या मजकुराचा खरा अर्थ, सदोष स्क्रिप्टने त्या मजकुराचे काय केले असते ते, आणि आज कॉलममध्ये असलेली तारीख. दुसरी गोष्ट मिळवण्यासाठी जुनीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, पण तिचे उत्तर वेगळ्या टेबलमध्ये लिहायचे. आजची तारीख खऱ्या अर्थाशी जुळत असेल तर त्या नोंदीला हात लावू नका. ती खऱ्या अर्थाशी जुळत नाही, पण सदोष स्क्रिप्टच्या उत्तराशी तंतोतंत जुळते, अशी नोंद म्हणजे मधल्या काळात कोणीही न पाहिलेली बिघडलेली नोंद. ती निःशंकपणे बदला. आजची तारीख दोहोंशीही जुळत नसेल तर त्यामागे माणसाचा निर्णय आहे. कदाचित सभासदाने नवा दाखला आणून तारीख बदलून घेतली असेल. अशा नोंदींची यादी छापून घ्या आणि मूळ अर्जाशी ताडून पाहा. यंत्राने त्यांच्याबाबत निर्णय घेऊ नये.

खरा अर्थ काढताना साचा आपण सांगायचा. पीएचपी ५.३ पासून डेटटाइम वर्गात क्रिएट-फ्रॉम-फॉरमॅट ही पद्धत त्यासाठीच आहे. ‘छोटा डी, तिरकी रेघ, छोटा एम, तिरकी रेघ, मोठा वाय’ असा साचा दिला की अंदाजाला जागा उरत नाही. मात्र ही पद्धतही डोळे मिटून वापरण्याजोगी नाही, आणि तिच्या तीन सवयी मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो आहे. साच्याच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह दिले नाही तर तारखेला चालू क्षणाची वेळ चिकटते आणि मग दोन सारख्या तारखांची तुलना केली तर त्या वेगळ्या निघतात. ३१/०२/२०१९ दिले तर ती नापास करत नाही. जादा दिवस पुढे ढकलून ३ मार्च २०१९ असे उत्तर देते आणि इशारा फक्त गेट-लास्ट-एरर्स या पद्धतीत नोंदवते. आणि पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत मोठा वाय चार अंकांपर्यंतचे कोणतेही वर्ष स्वीकारतो, त्यामुळे ०१/०६/६५ दिल्यास सन १९६५ ऐवजी सन ६५ धरले जाते.

म्हणून मी आधी मजकुराचा आकार नियमित पदावलीने (रेग्युलर एक्स्प्रेशनने) तपासतो : एक किंवा दोन अंक, रेघ, एक किंवा दोन अंक, रेघ आणि नेमके चार अंक. मग ते तीन भाग चेकडेट या फंक्शनला देतो. येथे सांभाळायचे ते हे की चेकडेट आधी महिना घेते, मग दिवस आणि मग वर्ष. या फंक्शनचाच क्रम अमेरिकी आहे. जी चूक पकडण्यासाठी आपण ते वापरतो तीच चूक ते वापरताना घडलेली मी पाहिली आहे.

कोठीघर

डेटाबेसच्या बाजूने थोडे लिहितो, कारण आतापर्यंतची चर्चा मुख्यतः पीएचपीच्या बाजूने झाली आहे.

डेट कॉलममध्ये तारीख ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी मजकूर म्हणून साठवलेली असते, हा समज बऱ्याच जणांमध्ये आढळतो. तसे नसते. ती तीन बाइटमध्ये बसवलेली एक संख्या असते आणि वर्ष-महिना-दिवस हे फक्त तिचे देवाणघेवाणीचे रूप आहे. त्यामुळे ‘कॉलमचा फॉरमॅट बदलून दिवस-महिना-वर्ष कसा करायचा?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कॉलमला फॉरमॅट नसतो, दाखवणाऱ्याला असतो. हेच रूप का निवडले आहे ते मजकूर कॉलम पाहिल्यावर पटते. ०१/१२/२०१८ आणि ०२/०१/२०१८ यांची मजकूर म्हणून क्रमवारी लावली तर डिसेंबर आधी येतो आणि जानेवारी नंतर. वर्ष पुढे असलेले रूप मजकूर म्हणून लावले तरी काळाच्याच क्रमाने लागते. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आले, तेही याच क्रमाचे आहे.

बाहेरचा मजकूर क्वेरीतच वाचायचा असेल तर एसटीआर-टू-डेट आणि दाखवायचा असेल तर डेट-फॉरमॅट, अशी दोन फंक्शने मायएसक्यूएलमध्ये आहेत. त्यांची अक्षरे पीएचपीच्या अक्षरांसारखी दिसतात, पण सर्वत्र सारखी नाहीत. छोटा एम दोन्हीकडे महिन्याचा अंक आहे. मोठा एम पीएचपीत महिन्याचे तीन अक्षरी इंग्रजी नाव देतो, तर मायएसक्यूएलमध्ये पूर्ण नाव. मिनिटांसाठी दोन्हीकडे छोटा आय आहे. कित्येक जण मिनिटांच्या जागी एम लिहितात, आणि मग मार्च महिनाभर प्रत्येक पावतीवरची वेळ ‘वाजून ३ मिनिटे’ अशी छापली जाते.

आता एक सूक्ष्म दोष सांगतो, कारण पतसंस्थेच्या खातेउताऱ्यात तो हमखास येतो. ठेवदिनांक या कॉलमवर डेट-फॉरमॅट लावून त्या उत्तराला पुन्हा ठेवदिनांक असेच नाव दिले आणि शेवटी त्या नावाने ऑर्डर बाय केले, म्हणजे क्रमवारी लावली, तर मायएसक्यूएल त्या नावाचा अर्थ मूळ कॉलम असा घेत नाही, नुकतेच दिलेले टोपणनाव असा घेते. क्रमवारी मजकुराची होते आणि उताऱ्यात १ डिसेंबर २ जानेवारीच्या आधी येतो. टोपणनाव वेगळे ठेवावे, किंवा ऑर्डर बायमध्ये टेबलच्या नावासह कॉलम लिहावा.

शोधतानाही कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळू नये. तसे केल्यास त्या कॉलमवरील साध्या इंडेक्सचा, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीचा, उपयोग होत नाही आणि प्रत्येक नोंद तपासावी लागते. शोधाची तारीखच डेटाबेसच्या रूपात आणून द्यावी. कॉलम डेटटाइम प्रकारचा, म्हणजे तारीख व वेळ दोन्ही ठेवणारा, असेल आणि १ मार्च ते ३१ मार्च असा ‘बिटवीन’ लिहिला असेल, तर ३१ मार्चच्या मध्यरात्रीनंतरचे सर्व व्यवहार वगळले जातात, कारण नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाचे शून्य वाजलेले असते. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस वर्षअखेरच्या अहवालातून गळतो आणि बेरीज का जुळत नाही याचा शोध रात्रभर चालतो. ‘१ मार्च किंवा त्यानंतर आणि १ एप्रिलच्या आधी’ अशी अट लिहिली की हा प्रश्न राहत नाही.

जन्मतारखेसाठी मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प हा कॉलमचा प्रकार कधीही घेऊ नये. त्याची मर्यादा १९७० ते १९ जानेवारी २०३८ एवढीच आहे. युनिक्स-टाइमस्टॅम्प हे फंक्शनही १९७० पूर्वीच्या तारखेला शून्य देते. खतावणींच्या ज्येष्ठ ठेवीदारांपैकी एकही त्या मर्यादेत बसणार नाही.

सातासमुद्र

मी परदेशात राहतो आणि भारतातील एका लहान व्यवसायाची प्रणाली येथून सांभाळतो. कोठीघर यांनी डेटटाइमचा उल्लेख केला म्हणून वेळेविषयी एक मुद्दा जोडतो, कारण तोही तारीख चुकवतो.

पीएचपीचे आणि मायएसक्यूएलचे घड्याळ वेगवेगळे असू शकते. पीएचपीत आशिया/कोलकाता हा कालविभाग लावलेला आणि डेटाबेसचा सर्व्हर मात्र यूटीसीवर (ग्रिनिचशी जुळणाऱ्या जागतिक वेळेवर), अशी मांडणी भाड्याच्या सर्व्हरवर नेहमी दिसते. मग रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात पीएचपी आजची तारीख सांगते आणि डेटाबेसचे करडेट हे फंक्शन कालची. दिवसा काम करणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. आमच्याकडे दिवसअखेरचे काम रात्री सव्वाबाराला आपोआप चालत असे आणि ते अर्ध्या नोंदी एका दिवसाच्या, अर्ध्या दुसऱ्या दिवसाच्या धरत असे. कारण सापडेपर्यंत मी प्रत्येक क्वेरीवर संशय घेतला होता.

जोडणी उघडताच त्या सत्राचा कालविभाग अधिक ०५:३० असा ठरवून देणे, हा उपाय भारतापुरता पुरेसा आहे, कारण आपल्याकडे उन्हाळी वेळ पाळली जात नाही. कालविभाग नावाने द्यायचा असेल तर डेटाबेसमध्ये कालविभागांची टेबले आधी भरलेली असावी लागतात. टाइमस्टॅम्प प्रकार साठवताना सत्राच्या वेळेतून यूटीसीत रूपांतर करतो आणि वाचताना परत करतो. डेटटाइम जे दिले तेच ठेवतो. जुन्या प्रणालीत मध्येच हा बदल करताना कोणता कॉलम कोणत्या प्रकारचा आहे, ते आधी पाहून घ्यावे.

गावठाण

माझा सरसकट उलटवण्याचा सल्ला घाईचा होता, हे मान्य करतो. विषय पतसंस्थेचा आहे म्हणून एक जवळचा प्रश्न विचारतो. ३१ जानेवारीला सुरू झालेल्या कर्जाचा पुढचा हप्ता पीएचपी ३ मार्चला दाखवते आणि मायएसक्यूएल २८ फेब्रुवारीला. यांतले बरोबर कोणते?

कोठीघर

दोघेही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. पीएचपीत ‘अधिक एक महिना’ म्हटले की आधी ३१ फेब्रुवारी तयार होते आणि जादा दिवस मार्चमध्ये वाहून जातात. मायएसक्यूएलचे डेट-ॲड महिन्याच्या अखेरच्या दिवशी थांबते. संस्थेच्या नियमांत हप्ता महिन्याच्या अखेरीस येतो असे असेल तर मायएसक्यूएलचे उत्तर घ्यावे. महत्त्वाचे हे की हप्त्यांचा हिशेब एकाच ठिकाणी करावा. पावतीवर एकाचे आणि खात्यात दुसऱ्याचे उत्तर येता कामा नये. शिवाय प्रत्येक हप्ता मागच्या हप्त्यावरून न काढता मूळ तारखेवरून काढावा, नाहीतर फेब्रुवारीत २८ वर आलेली तारीख पुढे कायमची २८ वर राहते.

खतावणी

सर्वांच्या सूचनांनुसार काम पूर्ण केले; ते कसे झाले, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

आधी आजच्या डेटाबेसचा बॅकअप घेतला. मग जुना मजकूर, त्याचा खरा अर्थ, सदोष स्क्रिप्टचे उत्तर आणि आजची तारीख असे चार कॉलम असलेले वेगळे टेबल तयार केले. न पाहिलेल्या बिघडलेल्या नोंदी डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) बदलल्या आणि बदलापूर्वीची तारीख त्याच टेबलमध्ये राहू दिली. दोहोंशी न जुळणाऱ्या नोंदींची यादी छापून शाखांना पाठवली. त्यांतील बहुतेक ठिकाणी कारकुनांनी अर्ज पाहून केलेली दुरुस्ती योग्य होती. काही जुन्या मजकुरांत दोन अंकी वर्ष होते, तेही अर्जावरूनच भरले. दिवस व महिन्यानुसार पुन्हा मोजणी केली तेव्हा ६ जानेवारीची गर्दी नाहीशी झाली होती आणि १ जून आपल्या जागी परत आला होता.

नव्या फॉर्ममध्ये तारखेसाठी ब्राउझरचा स्वतःचा तारीख-रकाना घेतला आहे. त्यात तारीख पडद्यावर कोणत्याही क्रमाने दिसली तरी तो ती सर्व्हरकडे वर्ष-महिना-दिवस अशीच पाठवतो. तरीही आलेला मजकूर मी पुन्हा तपासतो, कारण काही शाखांत जुने संगणक आहेत आणि तेथे तो रकाना साध्या मजकुराचा होऊन जातो. तारीख वाचण्याचे आणि दाखवण्याचे काम आता प्रत्येकी एकाच फंक्शनमध्ये आहे. बाकी संपूर्ण प्रणालीत स्ट्रटोटाइमचा शोध घेऊन ते सर्व ठिकाणांहून काढले. ते १७ ठिकाणी होते, आणि त्यांतील एक ठेवीची मुदत संपण्याच्या तारखेचे होते.

जन्मतारीख उलटल्यामुळे ज्यांना वाढीव दर मिळाला नाही अशा ठेवीदारांची यादी व्यवस्थापकांकडे दिली आहे. ज्यांना तो वेळेआधी मिळाला त्यांच्याकडून काहीही परत घेऊ नये, अशी विनंती मी लेखी केली होती आणि संचालक मंडळाने ती मान्य केली. १० मार्च १९५८ चा जन्म असलेल्या त्या गृहस्थांना नवी पावती देण्यासाठी शाखाधिकारी आणि मी त्यांच्या घरी गेलो होतो. जुनी पावती परत घेताना तिच्यावरची चुकीची जन्मतारीख कशामुळे आली, ते त्यांना सगळे समजावून सांगितले.